ट्रान्सफर केसमधील विद्युत् दोषनिदान

चारही चाकांना चालना देता येईल अशा मोटारगाडीत दंतचक्र पेटीतून (गिअरबॉक्समधून) आलेली शक्ती पुढील व मागील आसांकडे वाटून देणाऱ्या पेटीस ट्रान्सफर केस असे म्हणतात. पूर्वी ही पेटी तरफेने हाताळीत असत. अलीकडील पुष्कळ गाड्यांत तरफेची जागा चालकासमोरील फिरत्या बटणाने घेतली असून बटण व पेटी यांच्यामध्ये तारा, अभिचालित्रे (रिले), इलेक्ट्रॉनीय नियंत्रक, विद्युत् चलित्र (मोटर) आणि संवेदक यांची एक मालिका असते. या मालिकेतील एखादा दुवा निकामी झाला, तर पेटीतील दंतचक्रे शाबूत असूनही पुढील चाकांना चालना मिळत नाही. निकामी दुवा कोणता, हे पेटी न उघडता क्रमवार चाचण्यांनी ठरविणे म्हणजे विद्युत् दोषनिदान होय.

या निदानाचे महत्त्व दोन कारणांनी आहे. बटण फिरवूनही चालना न मिळाल्याचे चालकास कळते ते सामान्यतः गाडी चिखलात किंवा नाल्याच्या उतारावर असताना, म्हणजे पर्याय उरलेला नसताना. दुसरे असे की, अशा तक्रारीवर चलित्र, नियंत्रक किंवा प्रसंगी संपूर्ण पेटीच बदलण्याकडे दुरुस्ती करणाऱ्यांचा कल असतो. हे भाग महाग असतात आणि तालुक्याच्या ठिकाणी ते मिळत नाहीत. वस्तुतः दोष पुष्कळदा या भागांत नसून त्यांना जोडणाऱ्या तारांत, कपलरांत व भूसंपर्कांत (अर्थिंगमध्ये) असतो. नवा भाग बसविताना कपलर काढून पुन्हा घट्ट लावला जातो, त्यामुळे गंजलेला संपर्क तात्पुरता सुधारतो आणि श्रेय मात्र नव्या भागास मिळते. काही आठवड्यांनी तीच तक्रार पुन्हा उद्‌भवते.

पूर्वपीठिका : दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून मोठ्या संख्येने तयार झालेल्या विलीज जीपमध्ये ट्रान्सफर केस संपूर्णपणे यांत्रिक होती. चालकाजवळच्या तरफा सांध्यांच्या द्वारे पेटीतील दुबेळक्यांना (फोर्कना) सरकवीत. भारतात विलीज जीपची जुळणी महिंद्र उद्योगाने मुंबई येथे १९४७ साली सुरू केली आणि पुढील अनेक दशके जंगल खाते, पाटबंधारे खाते, पोलीस व आरोग्य खाते यांच्या कामांत हीच रचना रुळली. तिच्यात वीज नसल्याने विद्युत् दोषाचा प्रश्नच नव्हता. गंजलेली तरफ किंवा झिजलेला सांधा डोळ्यांना दिसे आणि गावातील लोहारही तो नीट करी.

विजेने हाताळावयाच्या पेट्या भारतीय गाड्यांत १९९० नंतरच्या दशकापासून दिसू लागल्या. अमेरिकेच्या बोर्ग-वॉर्नर कंपनीशी भागीदारी करून पुण्याजवळ भोसरी येथील दिवगी-वॉर्नर या कंपनीने अशा पेट्यांचे उत्पादन हाती घेतले. ही कंपनी पुढे दिवगी टॉर्कट्रान्स्फर सिस्टिम्स या नावाने ओळखली जाऊ लागली. टाटांची सफारी (१९९८) व महिंद्रांची स्कॉर्पिओ (२००२) यांच्या चतुश्चक्र चालनाच्या आवृत्त्यांत विद्युत् चलित्राने चालणारी पेटी होती. स्कॉर्पिओ-एन (२०२२) व फोर्स कंपनीची २०२४ सालची गुरखा यांतही तीच पद्धती आहे. याउलट थार या गाडीच्या २०१० व २०२० सालच्या दोन्ही पिढ्यांत तरफ कायम ठेवलेली होती. पुढील विवेचन मुख्यतः गरजेपुरत्याच चारही चाके जोडणाऱ्या आणि विद्युत् चलित्र असलेल्या पेटीस लागू आहे. निरनिराळ्या गाड्यांत तारांचे रंग, टोकांचे क्रमांक व तपशील भिन्न असतात, म्हणून त्या त्या गाडीची विद्युत् आकृती समोर असणे आवश्यक असते.

रचना व कार्य : बटणास सामान्यतः तीन स्थाने असतात. टू-हाय या स्थानी केवळ मागील चाके चालतात. फोर-हाय या स्थानी पुढील व मागील आसांचे चालक दंड एकमेकांस जखडले जातात. फोर-लो या स्थानी त्याशिवाय ग्रहीय दंतचक्रमालेमुळे वेग सु. २.५ पटींनी घटून पीळ त्याच प्रमाणात वाढतो.

पेटीच्या मागील अंगास एक छोटे विद्युत् चलित्र बसविलेले असते. त्याची गती दंतचक्रांनी बरीच कमी होऊन एका आडव्या दंडास मिळते. दंडावरील सर्पिल खाच असलेले कॅम फिरले की दोन दुबेळकी क्रमाने सरकतात. एक ग्रहीय दंतचक्रमाला जोडते अथवा सोडते. दुसरे एका कड्यास सरकवून साखळीच्या द्वारे पुढील चालक दंड जोडते. चलित्रास दोनच तारा असतात. त्यांतील प्रवाहाची दिशा उलटविली की चलित्र उलटे फिरते आणि हे उलटविण्याचे काम अभिचालित्रांची जोडी करते.

गाडी धावत असताना टू-हायमधून फोर-हायमध्ये जाण्याची सोय असल्यास आणखी एका भागाची गरज भासते. स्थिर असलेला पुढील चालक दंड अचानक फिरत्या भागास जोडला तर दाते खरवडतील. ते टाळण्यासाठी पेटीत विद्युत् चुंबकीय क्लच असतो. त्याच्या वेटोळ्यातून प्रवाह गेला की पुढील बाजूचे भाग घर्षणाने गती घेतात, दोन्ही बाजूंचे वेग समान झाले म्हणजे स्प्रिंगने दाबलेले कडे अलगद बसते आणि मग वेटोळ्याचा प्रवाह बंद होतो.

दंड नेमका कोठे आहे हे नियंत्रकास सांगण्यासाठी चलित्राच्याच कवचात एक स्थितिदर्शक बसविलेला असतो. त्याच्या एका प्रचलित प्रकारात चकतीवर चार संपर्क असून दंडाच्या प्रत्येक स्थानी त्यांपैकी ठराविक संपर्क भूसंपर्कित व उरलेले खुले असतात. चार संपर्कांची एकूण १६ संयोजने होऊ शकतात, परंतु त्यांपैकी काहीच ग्राह्य असतात. अग्राह्य संयोजन आले तर दंड कोठे आहे हे नियंत्रकास समजत नाही आणि तो चलित्रास प्रवाह देण्याचे नाकारतो. हे नाकारणे म्हणजे नियंत्रकाचा बिघाड नव्हे, ती त्याची योग्य प्रतिक्रिया होय.

नियंत्रक आणखी काही अटी तपासतो. फोर-हायसाठी वेग उत्पादकाने ठरविलेल्या मर्यादेत असावा लागतो. फोर-लोसाठी गाडी जवळजवळ थांबलेली, दंतचक्र पेटी न्यूट्रलमध्ये आणि हाती गिअरच्या गाड्यांत क्लचचा पायटा दाबलेला असावा लागतो. या अटींची माहिती वेगसंवेदक, न्यूट्रलचा स्विच व क्लचचा स्विच यांजकडून येते. बदल पुरा होईपर्यंत फलकावरील दिवा लुकलुकतो व नंतर स्थिर होतो. पुष्कळ गाड्यांत हा दिवा दंडाची स्थिती दाखवितो. पुढील चाके खरोखर ओढत आहेत की नाहीत, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

दोषांची कारणे व स्थानिक परिस्थिती : ट्रान्सफर केस गाडीच्या पोटाखाली असते आणि तिच्यावरील तारांना जमिनीवरचे सर्व काही भोगावे लागते. त्यामुळे दोषांचे स्वरूप प्रदेशागणिक पालटते. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे गाव व त्याच्या सभोवतीचा पैनगंगेच्या खोऱ्यातील मुलूख या दृष्टीने लक्षणीय आहे. येथील जमीन कापसाची काळी जमीन आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून चिकट होते. शेतांकडे जाणारे पांदण रस्ते, पुलाविना ओलांडावयाचे नाले आणि जवळच्या पैनगंगा अभयारण्यातील वाटा यांवर पावसाळ्यात केवळ मागील चाकांवर चालणारी गाडी सहज अडकते. म्हणजे जेथे या यंत्रणेची गरज सर्वांत अधिक, तेथेच तिच्या तारांना सर्वांत अधिक त्रास होतो.

काळ्या मातीतील बारीक चिकण कण पाणी दीर्घकाळ धरून ठेवतात. पेटीच्या माथ्यावर व कपलरांभोवती बसलेला चिखल वरून वाळलेला दिसला तरी आतून दिवसेंदिवस ओला राहतो. त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे तो काही अंशी विद्युत् संवाहकही असतो. पेरणीच्या दिवसांत रासायनिक खताची पोती वाहिली जातात. अमोनियायुक्त खताचा अंश ओलाव्याबरोबर तांबे व पितळ यांवर पडला की ते झपाट्याने खराब होतात. उन्हाळ्यातील कडक उष्णता आणि एंजिनाची उष्णता यांमुळे कपलरांची रबरी बंधने ताठर होऊन त्यांची पकड सुटते. कडब्याच्या गंजीजवळ अथवा गोठ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हे एक साधे पण नेहमी विसरले जाणारे कारण आहे.

नाला ओलांडताना आणखी एक गोष्ट घडते. चालून तापलेले चलित्राचे कवच थंड पाण्यात एकाएकी बुडले की आतील हवा आकुंचन पावते व कवचात अंशतः निर्वात निर्माण होतो. बंधन जुने असेल तर पाणी नुसते शिरत नाही, ते आत ओढले जाते. खुद्द पेटीच्या बाबतीत हे टळावे म्हणून तिला श्वसननलिका असते. ती मातीने बुजल्यास तेलात पाणी मिसळते व तेल दुधट दिसू लागते. धुलाई केंद्रात मोठ्या दाबाची पाण्याची धार थेट कपलरावर मारणे नाला ओलांडण्याइतकेच, किंबहुना अधिक, घातक ठरते.

ओलाव्यामुळे दोन भिन्न प्रकारचे नुकसान होते आणि निदानात हा भेद पायाभूत मानावा लागतो. चलित्र व क्लचचे वेटोळे यांच्या तारांतून कित्येक अँपिअर प्रवाह जातो. त्या तारांना गंज बाधतो, कारण गंजामुळे मार्गात रोध वाढतो. स्थितिदर्शक व वेगसंवेदक यांच्या तारांतील प्रवाह अत्यल्प असतो. त्यांना थोडा वाढीव रोध फारसा बाधत नाही, परंतु ओल्या चिखलातून होणारी गळती बाधते. खुला असावयाचा संपर्क गळतीमुळे भूसंपर्कित भासतो व संयोजन अग्राह्य ठरते. म्हणूनच कोरड्या हवेत निर्दोष वाटणारी गाडी पहिल्या पावसात नकार देते आणि दुपारच्या उन्हानंतर पुन्हा बरी होते. याउलट गंजाने आलेला दोष ऊन पडल्याने नाहीसा होत नाही.

विद्युत् दोषाचा आभास : तपासणीस आरंभ करण्यापूर्वी काही गोष्टी वगळाव्या लागतात. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पेटीत साठलेला पीळ. वळणावर पुढील व मागील चाके भिन्न अंतरे कापतात. मऊ जमिनीवर चाके घसरून हा फरक भरून निघतो, परंतु डांबरी रस्त्यावर तसे होत नाही आणि फोर-हायमध्ये चालविलेल्या गाडीच्या चालक दंडांत पीळ चढत जातो. मग टू-हाय निवडले तरी कडे दात्यांत घट्ट दबलेले असल्याने सुटत नाही, चलित्र कण्हते व दिवा लुकलुकत राहतो. असे झाल्यास गाडी सरळ रेषेत काही मीटर मागे घ्यावी. पीळ उतरताच बदल पुरा होत असेल, तर विजेचा दोष नाही. चार चाकांपैकी एखाद्याचा टायर वेगळ्या आकाराचा असणे किंवा हवेच्या दाबात मोठा फरक असणे, यांमुळेही असा पीळ साठतो.

दिवा स्थिर झाला आणि तरीही मऊ जमिनीवर पुढील चाके फिरत नाहीत, असे असल्यास दोष बहुधा पेटीतील दुबेळके व साखळी यांत किंवा पुढील आस जोडणाऱ्या यंत्रणेत असतो. काही गाड्यांत ही पुढील यंत्रणा निर्वाताने अथवा स्वतंत्र चलित्राने चालते. तिची तपासणी वेगळी करावी लागते.

निदानाचा क्रम : आरंभ चालकास प्रश्न विचारून करावा. बदल कधी होत नाही, थांबलेला असताना की धावताना, पावसानंतर की नेहमी, दोन्ही स्थानी की एकाच, या उत्तरांनी क्षेत्र निम्म्याहून अधिक घटते. गाडी थांबलेली असताना फोर-हाय लागते पण धावताना लागत नाही, तर संशय विद्युत् चुंबकीय क्लचच्या वेटोळ्याकडे किंवा वेगसंवेदकाकडे वळतो. फोर-हाय लागते पण फोर-लो लागत नाही, तर चलित्र, त्याच्या तारा व नियंत्रक मोठ्या अंशी निर्दोष मानून क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच आणि वेगाचा संकेत प्रथम पाहावेत. काहीच लागत नसेल, तर विद्युत् पुरवठा, भूसंपर्क व स्थितिदर्शक यांची पाळी येते.

यानंतर ऐकावे. किल्ली चालू स्थितीत ठेवून, एंजिन बंद असताना, एकाने बटण फिरवावे व दुसऱ्याने अभिचालित्रांजवळ आणि मग गाडीखाली कान द्यावा. अभिचालित्राची टिकटिक व चलित्राची घरघर दोन्ही ऐकू आली, तर विजेचा मार्ग बहुतांशी पुरा आहे. टिकटिक आहे पण घरघर नाही, तर दोष अभिचालित्रापासून चलित्रापर्यंतच्या भागात आहे. टिकटिकही नाही, तर नियंत्रक हुकूमच देत नाही आणि त्याची अट कोणती अपुरी आहे हे शोधले पाहिजे. या चाचणीस कोणतेही उपकरण लागत नाही आणि तरीही ती वगळून थेट संगणकीय तपासणी यंत्राकडे जाण्याची प्रवृत्ती वाढत आहे.

संगणकीय तपासणी यंत्राचा उपयोग निर्विवाद आहे. नियंत्रकाच्या स्मृतीत साठलेले दोषसंकेतांक फलकाखालील १६ टोकांच्या जोडणीतून वाचता येतात. परंतु संकेतांक बिघडलेल्या मंडलाचे नाव सांगतो, भागाचे सांगत नाही. ‘स्थितिदर्शकाचे मंडल सदोष’ असा संकेतांक स्थितिदर्शक खराब झाल्याने येतो, तसाच त्याची तार तुटल्याने किंवा कपलरात चिखल शिरल्यानेही येतो. संकेतांक लिहून घेऊन पुसावेत, गाडी पुन्हा चालवावी आणि जे परत येतील तेवढेच विचारात घ्यावेत. घटमाला बदलताना अथवा एंजिन सुरू करताना दाब घसरल्याने नोंदले गेलेले जुने संकेतांक पुष्कळदा दिशाभूल करतात.

मापनास घटमालेपासून (बॅटरीपासून) प्रारंभ करावा. १२ व्होल्टची पूर्ण भारित घटमाला विश्रांत अवस्थेत सु. १२.६ व्होल्ट दाखविते व एंजिन चालू असताना हा दाब सामान्यतः १३.८ ते १४.५ व्होल्ट असतो. नंतर वितळतारा (फ्यूज) पाहाव्यात. त्या नुसत्या नजरेने न पाहता दोन्ही बाजूंस चाचणी दिवा लावून तपासणे चांगले. जळालेली वितळतार सापडल्यास तिच्या जागी अधिक क्षमतेची बसविण्याचा मोह टाळावा. ती का जळाली याचे उत्तर मिळालेले नसते आणि पुढच्या वेळी तारच जळते.

पुढील पायरी निदानाचा गाभा असून तीच बहुधा चुकीच्या रीतीने केली जाते. कपलर काढून, चलित्राकडे जाणाऱ्या टोकाशी बहुमापक (मल्टीमीटर) लावला आणि त्याने १२ व्होल्ट दाखविले, म्हणजे तार चांगली आहे असा निष्कर्ष काढला जातो. तो ग्राह्य नाही. बहुमापकाचा अंतर्गत रोध प्रचंड, अंकीय उपकरणात सामान्यतः १ कोटी ओहमच्या आसपास, असल्याने त्यातून जाणारा प्रवाह नगण्य असतो आणि प्रवाह नसेल तर गंजलेल्या सांध्यावर दाब घसरत नाही. एकाच अखंड धाग्यावर टिकलेली तारही अशा वेळी पूर्ण दाब दाखविते. समजा, सुरू होण्याच्या क्षणी चलित्राचा रोध १ ओहम आहे व मार्गातील गंजलेल्या सांध्याचा रोध ०.५ ओहम आहे. सांधा निर्दोष असता तर १२ अँपिअर प्रवाह वाहिला असता. आता तो १२ ÷ १.५ = ८ अँपिअर वाहतो, ४ व्होल्ट सांध्यावरच खर्च होतात व चलित्रास ८ व्होल्ट मिळतात. चलित्राचा पीळ दोन-तृतीयांशावर येतो आणि त्याला मिळणारी शक्ती १४४ वॉटऐवजी ६४ वॉट होते. चलित्र हलते, पण दुबेळके सरकवू शकत नाही. ते बदलले तरी नव्या चलित्राचीही हीच गत होते.

म्हणून दाबातील घट प्रवाह चालू असतानाच मोजावी लागते. कपलर जोडलेला ठेवून, बटण फिरवून चलित्र चालू असताना, प्रथम घटमालेचे धन टोक व चलित्राचे धन टोक यांमध्ये आणि मग चलित्राचे ऋण टोक व घटमालेचे ऋण टोक यांमध्ये बहुमापक लावावा. येथे मोजला जातो तो त्या लांबीतील हरवलेला दाब. संपूर्ण बाजूवर ०.५ व्होल्टपर्यंत व एकट्या भूसंपर्कावर ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत घट सर्वसाधारणपणे क्षम्य मानतात. घट अधिक असल्यास मापकाचे एक टोक सांध्यासांध्याने पुढे सरकवीत गेल्यास ज्या सांध्यावर आकडा एकदम बदलतो तो सांधा दोषी ठरतो. चलित्र क्षणभरच चालत असल्याने या मापनास दोन माणसे लागतात.

भूसंपर्काबाबत एक खुलासा आवश्यक आहे. दुतर्फा फिरणाऱ्या चलित्राचा प्रवाह पेटीच्या कवचातून परतत नाही. तो दुसऱ्या तारेने अभिचालित्रांकडे येतो व त्यांच्याजवळच्या, बहुधा गाडीच्या आतील, भूसंपर्काने पुढे जातो. क्लचच्या वेटोळ्याचे एक टोक मात्र काही रचनांत पेटीच्या कवचासच जोडलेले असते. त्यामुळे पेटीवरील भूसंपर्काची पट्टी घासून स्वच्छ केल्याने क्लच सुधारेल, परंतु चलित्र सुधारेलच असे नाही.

कपलर उघडल्यावर हिरवट भुकटी, काळवंडलेली टोके, मागे सरकलेली पिन व रुंदावलेली मादी टोके यांकडे लक्ष द्यावे. पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून केशाकर्षणाने निरोधक आवरणाच्या आत बरेच दूरवर चढते. त्यामुळे कपलर स्वच्छ दिसला तरी काही अंतरावर तार आतून हिरवी व ठिसूळ झालेली असू शकते. ती बोटांनी वाकवून पाहिल्यास जागा मऊ लागते. आवरणास टाचणी टोचून दाब मोजण्याची पद्धत सोयीची असली तरी त्या छिद्रातून पुढल्या पावसात पाणी शिरते, म्हणून टोचलेली जागा बंद करणे अगत्याचे आहे.

चलित्राची स्वतंत्र चाचणी घेण्यासाठी त्याचा कपलर सोडवून केवळ त्याच्या दोन टोकांना, वितळतार घातलेल्या तारांनी, घटमालेचा दाब क्षणभर द्यावा व मग ध्रुव उलटवून पुन्हा द्यावा. गाडी सपाट जागी, चाकांस ओट लावलेली असावी. टोक गाठल्यावरही प्रवाह चालू ठेवल्यास चलित्र जळते. घटमालेचा दाब चुकून स्थितिदर्शकाच्या वा संवेदकाच्या टोकास लागला, तर बहुधा नियंत्रकच निकामी होतो, म्हणून टोकांची ओळख आकृतीवरून पटवून घ्यावी. क्लचच्या वेटोळ्याचा रोध मोजून तो उत्पादकाने दिलेल्या आकड्याशी ताडावा. तो अनंत आल्यास वेटोळे तुटलेले असते व जवळजवळ शून्य आल्यास आतल्या आत मंडलसंक्षेप (शॉर्ट) झालेला असतो. स्थितिदर्शकाचा प्रत्येक संपर्क दंडाच्या निरनिराळ्या स्थानी तपासून संयोजने कोष्टकाशी जुळतात की नाही ते पाहतात. खुला असावयाचा संपर्क काही हजार ओहम रोध दाखवीत असेल, तर आत ओलावा आहे असे समजावे.

नियंत्रकाची पाळी सर्वांत शेवटी येते. त्याला मिळणारा दाब, त्याचा भूसंपर्क व त्याच्याकडे येणारे सर्व संकेत योग्य आहेत आणि तरीही तो हुकूम देत नाही, एवढे सिद्ध झाल्यावाचून तो बदलू नये. दुसऱ्या चालू गाडीतील नियंत्रक काढून लावून पाहण्याची प्रथा धोक्याची आहे. मूळ दोष मंडलसंक्षेपाचा असेल तर उसना नियंत्रकही जळतो. शिवाय अलीकडील गाड्यांत नियंत्रकाची त्या विशिष्ट गाडीशी संगणकीय जुळणी करावी लागते.

अधूनमधून येणारे दोष : हा सर्वांत चिवट प्रकार होय. कार्यशाळेत आलेली गाडी कोरडी व थंड असते आणि दोष तेव्हा दिसत नाही. अशा वेळी दोषाची परिस्थिती मुद्दाम निर्माण करावी लागते. मापक लावून तारांचा जुडगा जागोजागी हलवावा, वाकवावा, ओढावा. पेटीवरील कपलरावर फवाऱ्याने थोडे पाणी शिंपडावे. उष्णतेचा संशय असल्यास गाडी अर्धा तास चालवून आणून लगेच तपासावी. समजा, ढाणकीहून अभयारण्याच्या बाजूस जाणाऱ्या एखाद्या गाडीत दर पावसानंतर दिवा लुकलुकतो, टिकटिक ऐकू येत नाही व दोन दिवसांच्या उघडिपीनंतर सर्व ठीक होते. दाबातील घट मोजल्यास ती क्षम्य मर्यादेत आढळते. वर सांगितलेल्या भेदानुसार येथे गंजापेक्षा गळतीचा संभव अधिक, म्हणून स्थितिदर्शकाच्या तारा प्रथम पाहावयाच्या. कपलर धुऊन, वाळवून, संयोजने कोष्टकाप्रमाणे मिळाली व पाणी शिंपडताच पुन्हा बिघडली, तर कपलराचे बंधन बदलणे हीच संपूर्ण दुरुस्ती होय. तिला लागणारा खर्च चलित्राच्या किंमतीच्या मानाने किरकोळ असतो.

दुरुस्ती व निगा : खराब झालेली तार आतील तांबे लखलखीत दिसेपर्यंत मागे कापावी व त्याच जाडीचा तुकडा जोडावा. नुसता पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा गाडीच्या पोटाखाली एक पावसाळाही टिकत नाही. दाबून बसविलेल्या नळीचा अथवा डाख दिलेला सांधा करून त्यावर आतून डिंक असलेली, उष्णतेने आवळणारी नळी चढवितात. सांधा वाकणाऱ्या जागी येऊ देऊ नये. कपलराच्या बंधनावर निरोधक ग्रीज लावावे, मात्र साधे वंगणाचे ग्रीज चालत नाही, त्याने काही प्रकारचे रबर फुगते. जुडगा धुरांड्याच्या नळीपासून दूर व पेटीच्या पातळीहून वर बांधावा. पेटीवरचा चिखल पावसाळ्यात साध्या पाण्याने, कमी दाबाने, वरचेवर काढावा. यंत्रणा वापराविना पडून राहिली तरी तिचे संपर्क काळवंडतात, म्हणून महिन्यातून एकदा मऊ जमिनीवर तिन्ही स्थाने लावून पाहण्याची शिफारस करतात.

गाडी आडरानात अडकली व वीज कोणत्याही उपायाने मिळत नसेल, तर चलित्र सोडवून दंड पान्याने हाताने फिरविता येतो. पुष्कळ पेट्यांत त्यासाठी दंडाच्या टोकास सपाट बाजू असतात. हे करताना फोर-हाय व फोर-लो यांच्या दरम्यान पेटीचे स्वतःचे न्यूट्रल स्थान येते. त्या स्थानी दंतचक्र पेटी कोणत्याही गिअरमध्ये असली तरी चाकांशी तिचा संबंध तुटलेला असतो व उतारावरील गाडी घरंगळते. तिला केवळ हातब्रेक आणि चाकांखालचे दगड धरून ठेवतात, म्हणून पाना लावण्यापूर्वी दोन्हींची खात्री करून घेतात आणि गाडीच्या उताराकडील बाजूस कोणासही उभे राहू देत नाहीत.